तलावातला मासा येतो कुठून?

पवई तलावाच्या काठी कुणी गळ टाकून बसले की मागून जाणारा हमखास थांबतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लागला का काही?" दुसरा जरा उशिराने येतो: "एवढ्या गर्दीच्या शहरात, एवढ्याशा पाण्यात मासे येतात तरी कुठून?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोज बदलते. दुसऱ्याचे उत्तर मात्र पाऊस, गटारे, हवा, संशोधन केंद्रे आणि न्यायालय अशा अनेक ठिकाणांहून गोळा करावे लागते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावतलावाला ते थोड्याफार फरकाने लागू पडते. पवईचे आकडे नीट नोंदलेले आहेत, म्हणून सुरुवात तिथून करू.

१. पाणी किती, आणि येते कुठून?

पवई हा मुळात निसर्गाने केलेला तलाव नाही. मुंबईची तहान भागवायला विहार आणि तुळशी हे तलाव पुरेनात, तेव्हा फ्रामजी कावसजींच्या पवई इस्टेटीच्या परिसरात, टेकड्यांच्या मधोमध बांध घालून तो तयार केला गेला. बांधकाम १८९० मध्ये पूर्ण झाले. खर्च आला सुमारे १२ लाख ५९ हजार रुपये. आज हे पाणी पिण्यायोग्य मानले जात नाही. ते मुख्यतः उद्योगांसाठी आणि आरे दुग्ध वसाहतीसाठी वापरतात.

पूर्ण भरल्यावर तलावात ५४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मावते. आकडा अवाढव्य वाटतो, पण एक साधा भागाकार करून पाहू. हजार लिटर म्हणजे एक घनमीटर. म्हणजे हे पाणी झाले ५४ लाख ५५ हजार घनमीटर. भरलेल्या तलावाचा पृष्ठभाग २.२३ चौरस किलोमीटर, म्हणजे २२ लाख ३० हजार चौरस मीटर. भागाकार येतो जवळपास २.४५. तलावाची सरासरी खोली जेमतेम आठ फूट! काही ठिकाणी तो बराच खोल आहे, पण मग कडेला तितकाच उथळ. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे मूळ या उथळपणात आहे.

आता पाऊस. ज्या जमिनीवर पडलेले पाणी उतरून तलावात येते, तिला पाणलोट क्षेत्र म्हणतात. पवईचे पाणलोट ६.६१ चौरस किलोमीटर आहे. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो. दोनच मीटर धरला, तरी पाणलोटावर सुमारे १ कोटी ३२ लाख घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे मुरले, अडले किंवा उडून गेले असे मानले, तरी उरलेले ६६ लाख घनमीटर तलावाच्या क्षमतेपेक्षा जास्तच भरते. म्हणूनच पवई तलाव बहुधा पावसाळ्याच्या पहिल्या टप्प्यातच ओसंडतो आणि वरचे पाणी मिठी नदीत जाते.

पाणी एकटे येत नाही. ज्या रस्त्यावरून, वस्तीतून, बांधकामाच्या मातीतून आणि गटारातून ते वाहते, तिथले सगळे सोबत घेऊन येते. माशाच्या दृष्टीने तलावाची हद्द काठावर संपत नाही. ती पाणलोटाच्या शेवटच्या इमारतीपर्यंत जाते.

२. पाण्यात हवा किती असते?

मासा पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांनी घेतो. तो किती अपुरा असतो, हे आपल्या सहज लक्षात येत नाही. एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंश तापमानाचे एक लिटर पाणी हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवते. पाणी २० अंशांपर्यंत थंड असेल तर नऊच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात माशाची गरज वाढते, नेमका तेव्हाच साठा घटतो. रोहू-कटल्यासारख्या माशांना नीट वाढायला लिटरमागे पाचेक मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा. तो दोनच्या खाली गेला की ते गुदमरू लागतात.

हा साठा दिवसभर सारखा राहत नाही. पाण्याला हिरवी झाक देणारे सूक्ष्म शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करते. रात्री मात्र शेवाळ, मासे आणि जिवाणू सगळेच तो वापरतात. तयार करणारे कुणी नसते. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन दुपारनंतर सर्वांत जास्त असतो आणि सूर्योदयाच्या तोंडावर सर्वांत कमी.

यात सांडपाण्याची भर पडली की चक्र बिघडते. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हे शेवाळाचे खत. शेवाळ माजते, दुपारी ऑक्सिजन भरपूर होतो, पण पहाटे तो तळाला जातो. त्यातच मैला, निर्माल्य आणि मेलेले शेवाळ कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले, तर शेवाळाला ऊन मिळत नाही आणि तूट भरून निघत नाही. एका रात्रीत शेकडो मासे मरून वर तरंगतात. लोकांना वाटते, कुणीतरी विष टाकले. विषप्रयोगही होतात, पण अनेकदा मासे मरतात ते श्वास कोंडून.

जलपर्णी हे याच खताचे दुसरे रूप. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही तरंगती वनस्पती आडव्या फुटव्यांनी वाढते आणि भरपूर अन्न मिळाले तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तिचा हिरवा गालिचा ऊन आणि वारा दोन्ही अडवतो. यंत्राने ती काढता येते. पवईत ती वारंवार काढावीही लागते. पण सांडपाणी येत राहिले तर ती पुन्हा पसरते.

३. एका पाण्यात तीन मासे भांडत कसे नाहीत?

आठ फूट पाण्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र वाढतात. तलाव म्हणजे जणू तीन मजल्यांची चाळ. वरच्या मजल्यावर कटला राहतो. त्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते. पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म प्राणी तो गाळून खातो. मधला मजला रोहूचा. त्याच्या ओठांना झालर असते, तिने तो शेवाळ आणि वनस्पतींचे तुकडे खरवडतो. तळमजल्यावर मृगळ असतो. त्याचे तोंड खाली वळलेले असते आणि गाळातले कुजके अवशेष हे त्याचे अन्न. एकाच पाण्याचा तिप्पट उपयोग होतो आणि एकाचा घास दुसरा घेत नाही.

या तिघांखेरीज इतरही रहिवासी असतात. मरळ आपली शिकार दबा धरून पकडते. तिला कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून इतर मासे मरतात तिथेही ती तगते. आरोग्य खाते डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडते, तेही छोट्या पाण्यात फोफावतात.

आणि तिलापिया. हा आफ्रिकी मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्ले लवकर वयात येतात आणि वर्षातून अनेकदा वीण होते. अन्न आणि जागा दोन्ही त्यांच्याकडे जाते आणि तलाव हाताएवढ्या तिलापियांनी भरतो. आफ्रिकी मांगूर तर याहून खादाड. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. घरच्या काचपेटीतला मासा मोठा झाला म्हणून प्रेमाने तलावात सोडणारे लोक असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यातून तलावाचे नुकसान होते. काच साफ करणारा सकरमाउथ मासा काठात बिळे पोखरतो आणि त्याला खाणारे इथे फारसे कुणी नसते.

४. रोहू तलावात वीत नाही, मग येतो कुठून?

आता मूळ प्रश्न. तिलापिया आणि मरळ साचलेल्या पाण्यात वितात. रोहू, कटला, मृगळ मात्र तलावात वाढतात, अंड्यांनी भरतातही, पण अंडी सोडत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते.

ही ओढ कोकणातल्या आणि रायगड-ठाण्यातल्या लोकांना चांगली माहीत आहे. पहिल्या पावसात ओढे वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने शेतांपर्यंत चढतात. त्यांनाच चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. त्यांची ती धाव अंडी घालण्यासाठी असते. गंगेसारख्या नद्यांत रोहू-कटलाही पुरात असेच वितात. म्हणून पूर्वी तलावात सोडायचे बीज, म्हणजे माशांची पिल्ले, नदीतून गाळून आणावे लागे. त्यात नको ते मासेही येत आणि वाटेत बरेचसे बीज मरे.

यावर उपाय सापडला १० जुलै १९५७ रोजी, ओडिशातल्या अंगुळ येथे. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क काढून तो तयार माद्यांना टोचला. पुराचा जो संदेश निसर्गात शरीराला मिळतो, तो इथे सुईतून मिळाला आणि साचलेल्या पाण्यात मासे व्याले. त्या दिवसाच्या आठवणीसाठी देशात १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आज ग्रंथीच्या अर्काऐवजी तयार संप्रेरके मिळतात, पण तत्त्व तेच आहे.

पुढचा प्रवास असा. कोमट पाण्यात अंडी १४ ते २० तासांत फुटतात. तीन दिवसांच्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती खरोखर जिऱ्याएवढी असतात. दोन-तीन आठवडे संगोपन तळ्यात वाढली की ती सुमारे इंचभर होतात. आणखी दोन-तीन महिन्यांनी तीन-चार इंचांची बोटुकली तयार होते. तलावात सोडायची ती बोटुकलीच. जिऱ्याएवढे पिल्लू सोडले तर ते मरळीच्या, बगळ्याच्या आणि पाणकावळ्याच्या पोटात जाते.

किती सोडायची? छोट्या जलाशयांसाठी हेक्टरी हजार ते दोन हजार बोटुकल्या असा ठोकताळा आहे. पवईएवढ्या, म्हणजे २२३ हेक्टरच्या पाण्याला तो लावला तर संख्या सव्वादोन ते साडेचार लाखांच्या घरात जाते. त्याहून जास्त सोडल्या तर मासे खुरटतात, कमी सोडल्या तर अन्न वाया जाते. पवईत मत्स्यबीज सोडण्याचे आणि गळाच्या मासेमारीची शिस्त ठेवण्याचे काम महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन अनेक दशके करत आली आहे. गळाला लागणाऱ्या रोहूच्या मागे कुणीतरी लावलेली ही मेहनत असते.

५. गळाच्या टोकाशी काय घडते?

रोहू-कटल्याच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. म्हणून हे मासे आमिषाचा चावा घेत नाहीत. ते पाण्यासकट घास आत ओढतात, चाचपतात आणि संशय आला तर थुंकून टाकतात. सारे काही क्षणात होते. दोऱ्याला बांधलेला तरंगता तुकडा किंचित डुलतो तो याच वेळी. नवखा माणूस तो पूर्ण बुडेपर्यंत थांबतो आणि तोवर मासा निघून गेलेला असतो.

आमिष माशाच्या मजल्याप्रमाणे ठरते. मृगळासाठी कणकेची किंवा पेंडीची गोळी तळाशी टेकवावी लागते. कटल्यासाठी तीच वर लटकती ठेवावी लागते. मरळीला कणकेत रस नसतो. तिला हलणारे काहीतरी हवे. अनुभवी माणूस आदल्या दिवशी कुठे बुडबुडे दिसले, कुठे पाणी हलले हे लक्षात ठेवतो. तळ उकरणारा मृगळ गाळातला वायू मोकळा करतो, त्याचे ते बुडबुडे असतात.

काठावर शांत बसा, असे जुने गळवाले सांगतात. त्यामागे ठोस कारण आहे. रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांच्या हवेच्या पिशवीपासून अंतर्कर्णापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पिशवीवर आदळलेला आवाज तिच्यातून थेट कानात जातो, म्हणून त्यांना फार चांगले ऐकू येते. शिवाय अंगावर दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनरेषेने पाण्याची हालचाल कळते. बोलण्याचा आवाज हवेतून पाण्यात फारसा शिरत नाही, पण काठावर आपटलेल्या पायाचा हादरा जमिनीतून पाण्यात पोहोचतो. काठावरचा माणूस प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला दिसतोही. उभा राहिला की जास्त, खाली बसला की कमी.

६. छोटा मासा सोडायचा कशाला?

रोहू तलावात वीतच नसेल, तर लहान मासा सोडून उपयोग काय, असे कुणी विचारेल. उपयोग वजनाचा आहे. चांगले अन्न मिळाले तर शंभर ग्रॅमचा मासा वर्षभरात किलोपर्यंत जाऊ शकतो. आज शंभर ग्रॅम नेले तर उद्याचे नऊशे ग्रॅम गेले. शिवाय तलावात विणारी मरळ आणि स्थानिक लहान मासे पिढी टिकवण्यासाठी सोडावेच लागतात. तिलापिया मात्र परत सोडण्यात अर्थ नाही.

सोडण्याचीही एक रीत आहे. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. जंतूंपासून त्याचे रक्षण तोच करतो. कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरले तर तो निघून जातो आणि मासा पोहत गेला तरी काही दिवसांनी बुरशी येऊन मरतो. हात ओले करावेत, कल्ल्यांत बोट घालू नये, आडवा धरून पाण्यालगतच गळ सोडवावा. उलटा काटा नसलेला गळ पटकन सुटतो. फोटोसाठी मासा हवेत धरून ठेवणे म्हणजे त्याचा श्वास तितका वेळ रोखणे.

नायलॉनचा तुटका दोरा काठावर टाकला तर पाणकावळे आणि बगळे त्यात अडकतात. शिशाची वजनेही धोक्याची. पक्षी ती खड्यांसोबत गिळतात आणि त्यांना विषबाधा होते. हंस मरू लागल्यामुळे ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीच्या लहान शिशाच्या वजनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्याला १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच मनाई आहे.

७. काठ कोणासाठी?

गळवाला हा तलावाच्या अनेक पाहुण्यांपैकी एक. ठाण्याच्या मासुंदा तलावात, म्हणजे तलावपाळीवर, संध्याकाळी लोक बोटीत बसतात. कोल्हापूरकर रंकाळ्यावर फिरायला आणि भेळ खायला जातात. पवईला सकाळी चालणारे येतात, कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी पाहणारे येतात, गणपती विसर्जनाला हजारो लोक येतात. या सगळ्यांना काठ हवा असतो आणि त्याचसाठी काठ बांधून काढण्याची मागणी होते.

पण उथळ, गवताळ काठ हाच तलावाचा सर्वांत कामाचा भाग असतो. तिथे लहान मासे लपतात, पाणवनस्पती खत शोषतात, पक्षी घरटी करतात. पवईत तर मगरीही आहेत. मगर थंड रक्ताची, म्हणून ती ऊन खायला काठावर येते आणि अंडी घालायलाही तिला कोरडा, मऊ काठच लागतो. वन्यजीव कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण आहे.

मुंबई महापालिकेने तलावाच्या कडेने सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधायला घेतला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. पाण्याच्या हद्दीत दगड टाकून भराव होत होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने हे बांधकाम बेकायदा ठरवून ते काढण्याचा आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पाणथळ जागेत भराव घालता येत नाही, हा त्याचा गाभा. फिरण्याची हौस गैर नाही. पायवाट पाण्यापासून थोडी मागे, मातीची आणि पाऊस मुरू देणारी असेल तर दोन्ही साधते. विसर्जनासाठी काठाजवळ कृत्रिम तलाव खणतात, तोही याच धर्तीचा उपाय आहे. श्रद्धा जपली जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तळाशी साचत नाही.

८. काठावरून करता येणारी तपासणी

तलावाची प्रकृती ओळखायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. रोज काठावर येणारा माणूस बऱ्याच गोष्टी नुसत्या डोळ्यांनी आणि नाकाने टिपू शकतो.

पहिली खूण, पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा गिळत आहेत का? असतील तर ऑक्सिजन संपत आला आहे. दुसरी, पाणी जिथून आत शिरते तिथे उन्हाळ्यातही धार चालू आहे का? पाऊस नसताना वाहणारा नाला बहुधा सांडपाणीच आणतो. तिसरी, जलपर्णी कोणत्या तोंडाशी आधी दाटते? खताचा स्रोत तिथेच शोधावा. चौथी, गळाला एकापाठोपाठ एक हाताएवढे तिलापियाच लागत असतील, तर बाकीच्या माशांचा वाटा हिरावला गेला आहे.

मासे मेलेले दिसले तर तारीख, वेळ आणि जागा लिहून फोटोसह वॉर्ड ऑफिसला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे. पाण्याचा नमुना त्याच सकाळी, उजाडताना घेण्याचा आग्रह धरावा. शेवाळाने भरलेल्या तलावात दुपारपर्यंत ऑक्सिजन पुन्हा चढतो. त्या वेळी घेतलेल्या नमुन्यात पाणी उत्तम दिसते आणि मासे कशाने मेले ते अहवालात येतच नाही.